रविवार कुणाचा? गिरणगाव, यंत्र आणि कामापलीकडचा वेळ



पीएचडीच्या प्रवेशासाठी संशोधन आराखडा कसा लिहायचा, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडलेला असतो. आज त्याचे नियम सांगत नाही. माझ्या स्वतःच्या आराखड्यातल्या एका वाक्याची गोष्ट सांगते. ते वाक्य दुरुस्त करण्यात माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं आणि त्यातूनच माझा विषय मला सापडला.

वाक्य असं होतं: 'तंत्रज्ञानाच्या प्रगतीबरोबर मुंबईच्या गिरण्यांमधले कामाचे तास कमी होत गेले आणि कामगारांना मोकळा वेळ मिळाला.'

वाचायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. माझ्या गाईड मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात दोनच प्रश्न लिहिले. कमी कोणी केले? मिळाला कोणाला?

हा लेख म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं. पहिलं उत्तर मला अभिलेखागारात मिळालं. दुसरं घरात होतं आणि ते मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. पण ते शेवटी.

यंत्र सुट्टी देईल, हे आश्वासन

आधी थोडी सिद्धांताची बाजू बघू, म्हणजे माझं वाक्य आलं कुठून ते कळेल. यंत्रं वाढली की माणसाचं काम कमी होईल, ही कल्पना जुनी आहे, आणि तिच्याविषयीची शंकाही तितकीच जुनी. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्येच लिहून ठेवलं होतं की आजवरच्या यांत्रिक शोधांनी कोणा माणसाचे रोजचे कष्ट हलके झाले असतील, याची त्याला खात्री वाटत नाही. मार्क्सने पुढे याच शंकेवरून यंत्रांवरचं आपलं मोठं प्रकरण सुरू केलं. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत सांगायचं तर, यंत्र वेळ वाचवतं हे खरं, पण वाचलेला वेळ यंत्र ज्याच्या मालकीचं त्याच्या खिशात जातो. त्याचा जावई पॉल लाफार्ग याने १८८० मध्ये आळसाच्या हक्कावर एक खोडकर पुस्तिका लिहिली. यंत्र माणसाला मुक्त करू शकतं, पण कामगार स्वतःच कामाचा हक्क मागत बसलेत, अशी त्याची तक्रार.

मग येतो केन्स. आपल्या नातवंडांचं आर्थिक भवितव्य काय असेल, यावरचा त्याचा निबंध १९३० मध्ये छापून आला. शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळाचं करायचं काय हाच खरा प्रश्न असेल, असं त्याला वाटत होतं. ही मांडणी केन्सने आधी भाषणाच्या रूपात विद्यार्थ्यांपुढे केली होती, १९२८ मध्ये. हे साल लक्षात ठेवा, आपण मुंबईत त्याच सालाकडे परत येणार आहोत.

माझं वाक्य थेट केन्सच्या पोटातून आलेलं होतं. आता ते मुंबईच्या कागदपत्रांवर घासून बघू.

सूर्य मावळला की सुटी

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभी केली. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. मुंबईत जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला अकरा तासांचा. म्हणजे कामाचा दिवस मोसमाप्रमाणे लांबायचा आणि आखडायचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही.

१८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. तो मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही. मोठ्या माणसांच्या तासांवर त्यात मर्यादाच नव्हती.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. बोलावणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. या सभांमधून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी नावं घातली. मागण्या अशा: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

यातली तिसरी मागणी नीट वाचा. दहा तास किंवा बारा तास असा आकडा त्यात नाही. सूर्यास्त आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'घड्याळाची सवय नसलेले शेतकरी' असं टिपण करून पुढे गेले होते. ई. पी. थॉम्पसनचा १९६७ चा वेळ आणि कामाच्या शिस्तीवरचा प्रसिद्ध निबंध नुकताच वाचला होता ना! त्यात शेतीचा वेळ कामाप्रमाणे चालतो, कारखान्याचा घड्याळाप्रमाणे. मी तो साचा उचलून परळवर ठेवला. पण अर्ज परत वाचा. सुरुवातीची वेळ घड्याळाची आहे, साडेसहा. शेवट तेवढा सूर्याचा. ज्यांना घड्याळ कळतं त्यांनी सूर्यास्त का मागितला? कारण अंधारात सूत दिसत नाही. सूर्यास्त ही त्या वेळी मालकालाही ओलांडायला अवघड अशी हद्द होती. कामगारांनी निसर्गाची हद्द हक्क म्हणून लिहून मागितली.

रविवारची मागणी मान्य व्हायला आणखी सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास तसेच मोकळे राहिले.

इथे एक गुंता आहे तो लपवू नका. या कायद्यांसाठी लँकेशायरचे कापड कारखानदारही जोर लावत होते, कारण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. म्हणून आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कामगार कायद्यांना विरोध केला. देशी उद्योग मारण्याचा हा डाव आहे असं त्यांचं म्हणणं. लोखंड्यांना या दोन्हींच्या मधून वाट काढावी लागली. एखादी मागणी कोणाच्या सोयीची आहे आणि ती न्याय्य आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आराखड्यात ते वेगळे ठेवा.

मग बल्ब आला

१९०५ च्या सुमारास मुंबईच्या बऱ्याच गिरण्यांत विजेचे दिवे लागले. स्वदेशीच्या लाटेमुळे कापडाला मागणी होती. अंधाराची अडचण संपली होती. काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा तासांच्या वर गेला.

माझ्या वाक्यासाठी हा पहिला दणका होता. नवं तंत्रज्ञान आलं आणि दिवस लांबला! दिव्याला दोष देऊन उपयोग नाही, तो बिचारा उजेड देतो. पण सूर्यास्ताची जी हद्द तोवर कोणी न बोलता पाळली जात होती, ती दिव्याने पुसली. तिच्या जागी दुसरी हद्द आपोआप येणार नव्हती, ती माणसांनी घालावी लागणार होती.

सरकारने १९०६ मध्ये एक समिती आणि १९०७ मध्ये एक आयोग नेमला. आयोगातल्या बहुमताला मोठ्या पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको होती. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळं मतपत्र जोडून थेट मर्यादेचा आग्रह धरला. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. तेव्हा, 'कमी कोणी केले?' या प्रश्नाचं उत्तर पुढच्या तारखांसकट मांडते.

१९११ मध्ये दिवसाला बारा तास. १९१९ आणि १९२० मध्ये मुंबईत मोठे संप झाले आणि गिरणीमालकांनी दहा तासांचा दिवस मान्य केला. १९१९ मध्येच वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदुस्थानासाठी आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली. १९२२ च्या कायद्यात दिवसाला अकरा, आठवड्याला साठ. १९३४ च्या कायद्यात दहा आणि चोपन्न. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत असताना दुरुस्ती आली: दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कायद्याने तेच कायम ठेवलं.

या यादीत कुठेही नवीन यंत्र नाही. सभा आहेत, अर्ज आहेत, संप आहेत, कायदे आहेत. फिरत्या संदेशांत हा सगळा इतिहास एका माणसाच्या एका सहीवर आणून ठेवलेला असतो. तसं लिहू नका. त्यात आंबेडकरांचा मान वाढत नाही आणि साडेपाच हजार नावं मात्र पुसली जातात.

आळशी कामगार नावाचा पुरावा

आयोगांच्या अहवालांत एक शब्द सारखा भेटतो: रेंगाळणं. हिंदी कामगार सलग काम करत नाही, अंगणात जातो, विडी ओढतो, आंघोळ करतो, जेवत बसतो. म्हणून तास जास्त दिसले तरी खरं काम कमीच, सबब कायद्याची गरज नाही. असा युक्तिवाद.

अशा ठिकाणी आपण नवखे संशोधक दोन चुका करतो. एक तर तो मजकूर जसाच्या तसा खरा धरतो, नाहीतर वसाहतवादी बदनामी म्हणून फेकून देतो. मी दुसरी चूक केली होती. पण कामगार खरोखरच साच्यावरून उठून बाहेर जात होते. प्रश्न त्याचा अर्थ काय लावायचा हा आहे. ज्याला चौदा तास उभं राहायचंय, ज्याला दुपारची हक्काची सुट्टी पुरत नाही, तो ती सुट्टी तुकड्या-तुकड्याने स्वतः काढून घेतो. अहवालात ज्याला आळस म्हटलंय, ते कामगारांनी कायद्याआधी स्वतःच घातलेलं कुंपण म्हणूनही वाचता येतं. राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या गिरण्यांवरचं आणि दीपेश चक्रवर्तींचं कलकत्त्याच्या ताग गिरण्यांवरचं काम या दृष्टीने जरूर वाचा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून तर दोन्ही वाचा.

१९२८: तीन साचे आणि एक धोटा

आता ते साल. केन्स इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांना पंधरा तासांच्या आठवड्याचं स्वप्न सांगत होता, त्याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला. कळीचा मुद्दा होता मालकांची काटकसर योजना. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे. गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग. सूतकताईत एका बाजूऐवजी दोन बाजू. तासात बदल नाही, माणसं कमी.

म्हणजे यंत्राने वाचवलेले तास इथे खरोखरच बाहेर पडत होते. पण ते सगळ्यांना थोडे-थोडे वाटले गेले नाहीत. एकाच्या वाट्याला तीन साचे आणि दुसऱ्याच्या वाट्याला अख्खा रिकामा दिवस. हा दुसरा माणूस गिरणगावात सगळ्यांना ठाऊक होता: बदली कामगार. भोंगा झाला की दारावर उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर मुकादम आत घेणार, नसेल तर परत. कामापलीकडचं आयुष्य त्यालाही होतंच की, मुकादमाच्या मर्जीवरचं! म्हणून माझ्या टिपणांत मी मोकळा वेळ आणि रिकामा वेळ असे दोन शब्द वेगळे वापरते. रविवार मोकळा, कारण सोमवारची हमी असते. बदलीवाल्याचा मंगळवार नुसता रिकामा.

याच संपांच्या काळात आंबेडकरांनी एक प्रश्न पुढे आणला, जो संपाच्या पुढाऱ्यांना अडचणीचा होता. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण धोट्यात नवीन बाबीन घातली की दोरा तोंडाने ओढून भोकातून काढावा लागे. सवर्ण विणकर म्हणत, एकाच धोट्याला त्यांचं तोंड लागलं तर आम्ही बाटतो.

हा तपशील माझ्यासाठी फार महत्त्वाचा ठरला. तंत्रज्ञान तटस्थ असतं म्हणणाऱ्यांना हा धोटा दाखवा. तोंडाने ओढायचा धोटा काही निसर्गनियम नव्हता. आरोग्याच्या कारणावरून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तसल्या धोट्यांवर बंदी घातली होती, तोंड न लावता ओवता येणारे धोटे मिळत होते. म्हणजे जातीचं कारण पुढे करून माणूस बाहेर ठेवला जात होता आणि स्वस्त अवजार आत ठेवलं जात होतं. एका लाकडी वस्तूत जात, नफा आणि आरोग्य असं सगळं गुंतलेलं.

निवांतपणाचा सिद्धांत आपल्याकडेच होता

यंत्र आणि निवांतपणा यावर वाचायचं म्हटलं की आपण लगेच युरोप-अमेरिकेतली नावं काढतो. मीही तेच केलं. खरं तर या विषयावरचा एक नेमका वाद आपल्या शेजारीच झालाय.

गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा उल्लेख केलाय. ते गुलाम झालेत आणि तिथल्या स्त्रियांची अवस्था भयंकर आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा रोख यंत्रसंस्कृतीवरच होता. पुढे त्यांनी तो सौम्य केला, यंत्रांच्या वेडाला विरोध आहे म्हणाले, शिवणयंत्राला सूटही दिली.

आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केलं, या पुस्तकात गांधीवादाची चिकित्सा करताना याला उत्तर दिलं. त्यांची मांडणी अशी. माणूस आणि जनावर यांत फरक पाडते ती संस्कृती, आणि संस्कृतीला निवांतपणा लागतो. सगळा दिवस जर पोटासाठी राबण्यात गेला तर विचार करायला, शिकायला वेळ कुठून येणार? हे राबणं कमी करण्याचं साधन म्हणजे यंत्र. यंत्रामुळे वाईट परिणाम होत असतील तर दोष यंत्राचा नाही, खाजगी मालमत्ता आणि खाजगी नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, ती बदला. आणि पुढचा मुद्दा सगळ्यात तिखट आहे. ज्या समाजाला लोकशाही नको, त्याला यंत्रांशिवाय चालेल, कारण तिथे थोड्यांनी निवांत राहावं आणि बाकीच्यांनी राबावं हेच मान्य असतं. लोकशाही समाजाला मात्र प्रत्येकाला निवांतपणा द्यायचा असतो, म्हणून त्याला यंत्र सोडून चालणार नाही.

बघा, केन्सच्या निबंधात नातवंडं सरसकट सगळी सारखी आहेत. आंबेडकर विचारतात, निवांतपणा आजवर कोणाला होता आणि कोणाच्या कष्टावर? ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या फक्त घाण काम आलं, त्यांना 'साध्या श्रमाचं सौंदर्य' सांगणं ही थट्टा होते. माझ्या गाईड मॅडमचा दुसरा प्रश्न, 'मिळाला कोणाला?', हा खरं म्हणजे आंबेडकरांचाच प्रश्न आहे.

आणि आता घरातलं उत्तर

माझे आजोबा लालबागला एका गिरणीत त्रासन खात्यात होते. आजी खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा जणांचं जेवण. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष, बायका-मुलं गावी शेतीवर. गिरणगावात अशा खाणावळी गल्लोगल्ली होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी आजीची मुलाखत रेकॉर्ड केली. विषय: गिरणी कामगारांचा फावला वेळ. मी विचारायची, रविवारी आजोबा काय करायचे? भजनी मंडळात जायचे? आखाड्यात? आजी एक वाक्य उत्तर द्यायची आणि लगेच पिठाकडे वळायची. दळण किती लागायचं, रेशनची रांग किती मोठी, पहिल्या पाळीचे डबे पहाटे द्यायचे, दुसऱ्या पाळीतले लोक मध्यरात्री जेवायला यायचे, तिसऱ्या पाळीतले सकाळी. रविवारी दुपारी मटण, म्हणजे वाटण दुप्पट. संध्याकाळी खाणावळ बंद, त्या वेळात आठवड्याचा मसाला. मी म्हटलं, आजी, अगं रविवारचं सांग ना. ती म्हणाली, "अगं तो त्यांचा वार. मला काय त्याचं?"

मी रेकॉर्डर बंद केला. घरी येऊन मुलाखत उतरवून काढताना पिठाच्या आणि मसाल्याच्या सगळ्या भागाला चौकटी कंसात एकच शब्द लिहिला: विषयांतर.

वर्षभराने, समासातले ते दोन प्रश्न डोक्यात घेऊन मी परत ती वही उघडली. आणि तारखांची माझी सुंदर यादी आठवली. बारा, अकरा, दहा, नऊ. तास कमी झाल्यावर पुढे गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या. कामगाराला आठ तासांची एक पाळी. यंत्र चोवीस तास. आणि खाणावळ? तिला तिन्ही पाळ्या. आजोबांचा दिवस ज्या व्यवस्थेने आखडला, तिनेच आजीचा दिवस पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत ताणला. कायद्यात तिचं नाव कुठे नव्हतं. ना ती कामगार, ना तिचं घर कारखाना.

सिद्धांतात हे सांगणारे लोक आहेत. १९७२ पासून घरकामाला वेतन मागणारी चळवळ उभी करणाऱ्या सेल्मा जेम्स, मारिआरोझा डाला कोस्टा, सिल्विया फेडेरिची. २०११ मध्ये कामाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिणाऱ्या कॅथी वीक्स. त्यांनी दाखवलंय की कमी तासांची मागणी करताना घरातलं काम मोजलं नाही, तर एकाचा मोकळा वेळ दुसरीच्या वेळातून येतो. मी हे वाचलेलं होतं, त्यावर सेमिनारमध्ये बोललेही होते. आणि समोर बसलेली आजी तेच सांगत होती तेव्हा रेकॉर्डर बंद केला होता.

आजी मागच्या वर्षी गेली. तिला विचारायचे प्रश्न आता माझ्याकडे चांगले तयार आहेत.

तुमच्या आराखड्यासाठी

उपदेश नको म्हणाल, पण तीन गोष्टी सांगतेच.

एक, आराखड्यातलं प्रत्येक क्रियापद तपासा. 'तास कमी झाले', 'वेळ मिळाला', 'बदल घडून आला'. ज्या वाक्याला कर्ता नाही, तिथे बहुतेक वेळा तुमचा संशोधन प्रश्न लपलेला असतो.

दोन, उधार आणलेला सिद्धांत कागदावर ठेवण्याआधी कागद दोनदा वाचा. थॉम्पसन घेऊन गेले म्हणून मला सूर्यास्तामागचं शहाणपण दिसलं नाही. सिद्धांत लागतोच, पण तो प्रश्न विचारायला वापरा, उत्तरं भरायला नको.

तीन, ज्याला तुम्ही विषयांतर म्हणताय ते खोडू नका, बाजूला लिहून ठेवा. बोलणारा माणूस उगाच भरकटत नाही. बरेचदा तुमचा प्रश्न अपुरा असतो आणि तो तुम्हाला नीट प्रश्नाकडे ओढत असतो.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. आज परळ-लालबागला त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आहेत. तिथे रविवारी गर्दी होते, लोक मोकळा वेळ घालवायला येतात. त्या गर्दीला जेवण पोचवणारी मुलं दाराशी मोबाइल बघत उभी असतात, पुढची ऑर्डर येईपर्यंत. मोकळी की रिकामी, ते तुम्ही ठरवा. आता काम वाटणारं यंत्र बदललंय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्याला पुन्हा पंधरा तासांचा आठवडा देणार अशी चर्चा जोरात आहे. ती ऐकताना समासात तेच दोन प्रश्न लिहा.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य आता असं आहे: 'मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा, अर्ज आणि संप करून कामाचे तास कमी करून घेतले. त्यातून आलेला मोकळा वेळ जात आणि लिंग यांनुसार वाटला गेला, आणि तो शक्य करणारं काम मोजलंच गेलं नाही.'

वाक्य लांबलंय, थोडं बोजडही झालंय. मॅडमनी या वेळी लाल रेघ मारली नाही. समासात एवढंच लिहिलं, "आता खाणावळींचे हिशेब शोधा." सध्या तेच करतेय. तुमच्या घरात, ओळखीत कोणाच्या आजीची जुनी हिशेबाची वही पडून असेल, तर रद्दीत देऊ नका. आणि आजी असेल, तर आजच जाऊन बसा तिच्याजवळ. रेकॉर्डर चालू ठेवून.